सेल्कर्कचा शेरीफ

निवृत्तीनंतर वेळ घालवण्याचे साधन म्हणून सर वॉल्टर स्कॉटच्या 'वेव्हर्ली' या कादंबरीतील काही प्रकरणे मराठीत आणावीत असे मनात घेतले आणि उलट्या टोकाने, म्हणजे शेवटच्या प्रकरणापासून, सुरुवात केली. जे प्रस्तावनेत यायला हवे होते ते ताजा कलम म्हणून देतो आहे, अशा अर्थाचे मिश्कील शीर्षक या प्रकरणाला स्कॉटने दिले आहे. १८१४ साली लिहिताना तो मागे वळून पाहतो आणि म्हणतो की, गेल्या पन्नास-साठ वर्षांत युरोपातला कोणताही देश स्कॉटलंडइतका आमूलाग्र बदलला नसेल. या बदलाची कारणेही तो देतो. १७४५ चे बंड फसले, डोंगराळ मुलखातल्या टोळीनायकांची पितृसत्ता मोडली, आणि सखल प्रदेशातल्या सरदार-जहागीरदारांची 'हेरिटेबल ज्युरिस्डिक्शन्स' रद्द झाली. माझी गाडी अडली ती या शेवटच्या शब्दांवर. पहिल्या खर्ड्यात मी 'वंशपरंपरागत अधिकारक्षेत्रे' असे लिहिले. बरोबर होते, पण निर्जीव होते. दोन दिवसांनी ते खोडून 'न्यायदानाची वतने' असे लिहिले आणि त्यानंतर बराच वेळ पुढचे वाक्य सुचले नाही. कारण 'वतन' हा शब्द आमच्या घरात केवळ इतिहासाच्या पुस्तकातला नव्हता. त्याविषयी पुढे येईलच, आधी शेरीफविषयी.

शेरीफ म्हटले की आपल्यासमोर दोन-तीन चित्रे उभी राहतात. छातीवर तारा लावलेला हॉलिवुडचा पिस्तूलबाज, रॉबिन हूडच्या मागे लागलेला नॉटिंगहॅमचा खलपुरुष, किंवा आपल्या मुंबईचा शेरीफ, ज्याला आपण नगरपाल म्हणत आलो आणि ज्याच्या वाट्याला मुख्यतः मानाचे सोहळे येत. स्कॉटलंडचा शेरीफ यांपैकी कोणीच नाही. तो न्यायाधीश आहे. जिल्ह्याच्या गावी बसून उधारीचे दावे, शिवेची भांडणे, चोऱ्या, मारामाऱ्या यांचा निवाडा करणारा, दिवाणी आणि फौजदारी अशा दोन्ही बाजू सांभाळणारा. खुनासारखे गुन्हे त्याच्या कक्षेबाहेरचे; ते वरच्या न्यायालयात चालतात. पण सामान्य स्कॉटिश माणसाचा कायद्याशी जो काही संबंध येतो, तो बहुधा शेरीफच्याच कचेरीत येतो. हे पद बाराव्या शतकात, पहिल्या डेव्हिड राजाच्या आणि त्याच्या वारसांच्या काळात रुजले. राजाचा किल्ला, किल्ल्याभोवतीचा मुलूख आणि त्या मुलखात राजाच्या वतीने वसुली करणारा, शिबंदी जमवणारा आणि न्याय देणारा अधिकारी, अशी त्याची मूळ कल्पना होती. पुढे राजसत्ता जसजशी दुबळी होत गेली, तसतसे हे पद नेमणुकीचे न राहता घराण्याचे झाले. ही गोष्ट मराठी वाचकाला समजावून सांगावी लागू नये.

सेल्कर्कशर हा दक्षिणेकडचा, इंग्लंडच्या सरहद्दीजवळचा लहानसा जिल्हा. एट्रिक आणि यॅरो या दोन नद्यांची खोरी, मेंढ्यांची कुरणे, पडके बुरूज. १८०१ च्या शिरगणतीत इथली लोकसंख्या पाच हजारांच्या आसपास होती, म्हणजे आपल्याकडचे एखादे बाजाराचे गाव. या मुलखाला पूर्वी एट्रिकचे अरण्य म्हणत, आणि इथले शेरीफपण १५०९ साली चौथ्या जेम्स राजाने फॅलाहिलच्या जॉन मरे याला वंशपरंपरेने दिले. इतिहास एवढेच सांगतो. लोकगीत मात्र याहून पुष्कळ अधिक सांगते. 'आउटलॉ मरे' या नावाच्या त्या दीर्घ गीतात मरे हा अरण्याचा बंडखोर स्वामी आहे. राजाचा दूत येऊन विचारतो, ही जमीन तू कोणाकडून धारण करतोस? तो उत्तर देतो की, ती मी इंग्रजांकडून तलवारीने जिंकली आहे, त्यात राजाचा संबंध काय? राजा फौज घेऊन येतो, लढाईऐवजी तह होतो, मरे गढीच्या किल्ल्या राजापुढे ठेवतो आणि राजा त्याला त्याच अरण्याचा शेरीफ करतो, झाड वर वाढत आहे तोवर चालणाऱ्या हक्काने. आपल्या सनदांतली 'यावच्चंद्रदिवाकरौ' ही भाषा आठवावी. इथे चंद्रसूर्याऐवजी झाड आहे एवढाच फरक.

हे गीत म्हणजे खरे तर घराण्याचा करीना आहे. आपल्याकडे वतनाचे तंटे उभे राहिले की पक्षकार आपापल्या पूर्वजांची हकिकत लिहून देत. मूळपुरुषाने कोणती गढी घेतली, कोणत्या पातशहाने काय बक्षीस दिले, असा सगळा तपशील त्यात असे. ऐतिहासिक गद्याचा अभ्यास करताना आपण या कैफियती आणि करीने वाचतो आणि त्यांतला खरा भाग कोणता, रचलेला कोणता, यावर वाद घालतो. मरे घराण्याच्या बाबतीत ते काम गायकांनी केले. बंडखोर हाच शेरीफ कसा झाला, हे सांगताना शेरीफपद राजाने दिलेले आहे हे मान्य करायचे आणि ते मुळात आपलेच होते हेही सुचवायचे, अशी दुहेरी कसरत त्या गीतात आहे. गंमत अशी की, हे गीत पुढे छापून प्रसिद्ध केले ते सेल्कर्कशरच्याच शेरीफने. पण हा शेरीफ मरे घराण्यातला नव्हता, आणि त्याच्या हाती असलेले पद त्या घराण्याच्या हातून काढून घेतलेले होते.

ते कसे गेले, हे समजण्यासाठी १७४५ पाशी यावे लागते. राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्ट्यूअर्टचे बंड १७४६ च्या एप्रिलात कलोडनच्या माळावर चिरडले गेले. ब्रिटिश सरकारला कळून चुकले की, ज्या सरदाराच्या हातात आपल्या कुळांचा न्यायनिवाडा आहे, तो त्यांना रणांगणावरही नेऊ शकतो. लॉर्ड चान्सलर हार्डविक याच्या पुढाकाराने १७४७ साली वंशपरंपरागत न्यायाधिकार रद्द करणारा कायदा संमत झाला आणि २५ मार्च १७४८ पासून तो अमलात आला. सेल्कर्कचे मरे काही डोंगराळ मुलखातले टोळीनायक नव्हते, पण कायदा सर्वांना सारखाच लागू झाला. १७०७ च्या विलीनीकरणाच्या तहात ही पदे मालमत्ता म्हणून राखून ठेवलेली होती, तेव्हा ती फुकट घेता येणार नव्हती. वतनदारांनी आपापले आकडे मांडले, एडिंबरोच्या न्यायालयाने ते तपासून पुष्कळ कमी केले आणि अखेर सुमारे दीड लाख पौंड नुकसानभरपाई वाटली गेली. वतन गेले, पैसे आले.

पदाच्या नावात मात्र एक विलक्षण खूण उरली. पूर्वी वंशपरंपरागत शेरीफ स्वतः क्वचितच न्यायासनावर बसत. त्यांच्या वतीने काम पाहायला एक 'शेरीफ-डेप्युट' असे. मराठीत याला नेमका शब्द आहे, मुतालिक. वतनदार मानाचा आणि मुतालिक कामाचा. १७४८ नंतर वतनदार नाहीसा झाला आणि मुतालिक उरला. आता तो सरकारने नेमलेला, पगारी, किमान तीन वर्षे वकिली केलेला, आणि वर्षातून चार महिने जिल्ह्यात राहण्याचे बंधन असलेला अधिकारी होता. पण नाव तेच राहिले, शेरीफ-डेप्युट. ज्याचा तो मुतालिक, तो माणूसच आता नव्हता. पुढची कित्येक दशके स्कॉटलंडचे जिल्हे या मुतालिकांनी चालवले. शिवाय रोजचे काम पाहायला त्यांनी आपापले स्थानिक बदली नेमले, ज्यांना 'शेरीफ-सब्स्टिट्यूट' म्हणत. म्हणजे मुतालिकाचा मुतालिक.

सेल्कर्कशरचे शेरीफ-डेप्युट अँड्र्यू प्लमर १७९९ साली वारले. प्लमर हेही जुन्या वस्तूंचे आणि आख्यायिकांचे जाणकार. मरे घराण्याच्या पडक्या बुरुजावरची शिल्पचिन्हे त्यांना आठवत होती, असा कृतज्ञ उल्लेख स्कॉटने 'आउटलॉ मरे'च्या प्रास्ताविकात केला आहे. त्यांच्या जागी १६ डिसेंबर १७९९ रोजी अठ्ठावीस वर्षांचा वकील वॉल्टर स्कॉट नेमला गेला. वशिला अर्थातच होता. बक्लूच्या ड्यूकचा आणि त्या काळी स्कॉटलंडच्या सगळ्या नेमणुका ज्याच्या मुठीत होत्या त्या हेन्री डंडासचा. पगार वर्षाला ३०० पौंड. स्कॉटची वकिली काही फार जोरात चालत नव्हती. ही नोकरी मिळाल्यामुळे त्याला लिहायला अवकाश मिळाला. ती त्याने मरेपर्यंत, म्हणजे १८३२ पर्यंत, जवळजवळ तेहतीस वर्षे सोडली नाही. इंग्रजी साहित्याच्या इतिहासांत या गोष्टीला एखादे वाक्य मिळते. मीही वर्गात तेवढेच सांगत आलो.

वास्तविक ही नोकरी नसती तर स्कॉटचे साहित्य वेगळ्या जागी आणि वेगळ्या रीतीने लिहिले गेले असते. नव्या शेरीफचा मुक्काम एडिंबरोजवळ असे, आणि चार महिन्यांच्या वास्तव्याची अट तो पाळत नाही अशी तक्रार जिल्ह्याचे लॉर्ड लेफ्टनंट नेपियर यांनी लावून धरली. स्कॉट वैतागला, पण १८०४ साली त्याने ट्वीड नदीकाठचे अ‍ॅशेस्टीलचे घर भाड्याने घेतले. तिथल्या वास्तव्यात 'मार्मियन' आणि 'लेडी ऑफ द लेक' झाले; 'मार्मियन'च्या सर्गांआधीच्या पद्यपत्रांत अ‍ॅशेस्टीलचा हिवाळा आहे, कुत्री आहेत, पूर आलेली नदी आहे. 'वेव्हर्ली'ची पहिली प्रकरणेही याच काळातली. ती बाजूला पडली आणि १८१३ च्या सुमारास मासेमारीचे सामान शोधताना एका जुन्या मेजात सापडली, ही हकिकत सर्वांना ठाऊक आहे. नेपियरसाहेबांच्या तक्रारअर्जाचे आभार मानण्याची पद्धत मात्र अजून पडलेली नाही.

लोकगीतांच्या संग्रहाचेही तसेच. शेरीफ होण्याआधीपासून, १७९२ पासून सलग सात वर्षे, स्कॉट लिड्सडेलच्या खोऱ्यात गाणी गोळा करायला जात असे. त्याचा वाटाड्या होता रॉबर्ट शॉर्टरीड, शेजारच्या रॉक्सबर्गशरचा शेरीफ-सब्स्टिट्यूट. या सहलींना ते दोघे 'छापे' म्हणत. शब्द थट्टेचा खरा, पण नि:संशय कचेरीतला आणि सरहद्दीवरच्या लुटारूंचा, अशा दोन्ही वासांचा. १८०२ साली एट्रिकच्या खोऱ्यातला मेंढपाळ कवी जेम्स हॉग शेतात काम करत असताना निरोप आला की, कुणी भले लोक भेटायला आले आहेत, बहुधा शेरीफ आणि त्याची टोळी असावी. (हॉग आणि त्याचे शेजारी शेरीफला 'शिरा' म्हणत. मराठीत लिहिला की या शब्दाचा दरारा पार जातो आणि सत्यनारायण आठवतो. त्याला इलाज नाही.) हॉगची आई मार्गरेट लेडलॉ हिने शेरीफला गाणी म्हणून दाखवली आणि नंतर त्याला सुनावलेही की, ही गाणी गाण्यासाठी होती, वाचण्यासाठी नव्हती, तुम्ही छापलीत आणि त्यांची मोहिनी मोडलीत. हा प्रसंग मौखिक परंपरेवरच्या प्रत्येक व्याख्यानात येतो. पण ऐकणारा माणूस जिल्ह्याचा न्यायाधीश होता, हे त्या व्याख्यानात सहसा येत नाही. दाराशी न्यायाधीश येऊन गाणे म्हण म्हणाला तर म्हातारी काय गाते, काय गाळते? आपल्याकडे १८९१ साली पोवाड्यांचा पहिला मोठा संग्रह शाळिग्रामांच्या बरोबरीने प्रसिद्ध करणारे अ‍ॅकवर्थ हे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. शाहिरांनी त्यांच्यापुढे डफ वाजवला तेव्हा कोणते कडवे खाली राहिले असेल, हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी तरी हाती घ्यायला हरकत नाही.

न्यायाधीश म्हणून स्कॉट कसा होता? जॉन चिझम या कायदेपंडिताने १९१८ साली सेल्कर्कच्या दप्तरातले त्याचे निवाडे शोधून पुस्तकरूपाने काढले, त्यामुळे याचे उत्तर केवळ आख्यायिकांवर सोडावे लागत नाही. त्या काळी बहुतेक काम लेखी चाले. अर्ज, त्यावर उत्तर, उत्तरावर प्रत्युत्तर, आणि अखेर शेरीफचा आदेश. हे कागद मेल्रोजचा वकील आणि स्कॉटचा बदली चार्ल्स अर्स्किन याच्यामार्फत येत-जात. (स्कॉटलंडमध्ये अशा वकिलाला 'रायटर' म्हणत. स्कॉटचे वडीलही 'रायटर' होते, आणि एका चरित्राच्या मराठी टिपणात मी त्यांना 'लेखक' झालेले पाहिले आहे.) भांडणे लहान, रकमा लहान, माणसे ओळखीची. चोरून मासे आणि सावज मारणाऱ्यांविषयी शेरीफला छुपी सहानुभूती असे. टॉम पर्डी हा असाच एक आरोपी. त्याने आपली अडचण अशा काही विनोदी करुणेने मांडली, की शेरीफने त्याला शिक्षेऐवजी नोकरीच दिली. पुढे अ‍ॅबट्सफर्डच्या इस्टेटीचा तो कारभारी झाला आणि १८२९ साली तो गेला तेव्हा मेल्रोजच्या मठाच्या आवारात त्याच्यावर स्कॉटने शिळा उभारली. लॉकहार्टने लिहिलेल्या चरित्रातली ही गोष्ट गोड आहे. पण कचेरीतल्या त्या सवयीचा खोल परिणाम मला दुसरीकडेच दिसतो.

'द टू ड्रोव्हर्स' ही १८२७ सालची कथा घ्या. गुरांचे कळप इंग्लंडच्या बाजाराकडे हाकत नेणारे दोन मित्र, एक डोंगराळ मुलखातला रॉबिन ओग, दुसरा इंग्रज हॅरी वेकफील्ड. चराऊ रानावरून भांडण होते; इंग्रज मुष्टियुद्धाचे आव्हान देतो; रॉबिनच्या दृष्टीने हाताने मारामारी हा अपमान, आणि अपमान पुसायचा तो शस्त्राने. त्याचा खंजीर मागून येणाऱ्या दुसऱ्या सोबत्याकडे असतो. तो मैलोगणती चालत जातो, खंजीर घेतो, परत येतो आणि मित्राला भोसकतो. कथेचा शेवट कार्लाइलच्या न्यायालयात, न्यायाधीशाच्या भाषणाने होतो. न्यायाधीश आरोपीची बाजू मनापासून समजून घेतो, त्याच्या मुलखाच्या रीती समजून घेतो, आणि तरीही मधल्या दोन तासांवर बोट ठेवतो. त्याच क्षणी वार केला असता तर गोष्ट वेगळी होती. पण राग निवायला दोन तास होते. रॉबिनला फाशी होते आणि तो तक्रार करत नाही. कित्येक समीक्षकांना हे भाषण कलात्मकदृष्ट्या जड वाटते. मला ते कथेचा कणा वाटते. दोन कायद्यांच्या मध्ये सापडलेल्या माणसाला पूर्णपणे समजून घ्यायचे आणि मग निकालपत्रावर सही करायची, हे ज्याने वर्षानुवर्षे केले आहे त्यालाच ते लिहिता येते.

आता पुन्हा 'वेव्हर्ली'कडे. त्या कादंबरीतला ब्रॅडवर्डिनचा बॅरन आपल्या न्यायाधिकारावर जीव टाकणारा गृहस्थ आहे. तो त्याचा जुलमी वापर करत नाही; कधी दोन चोरांना जुन्या बुरुजात कोंडतो आणि ते भुतांच्या भीतीने आणि उंदरांच्या चाव्याने अर्धमेले होतात, एवढेच. स्कॉट हे थट्टेने सांगतो, पण त्या थट्टेत माया आहे. कादंबरीच्या शेवटी बॅरनला त्याचे घर परत मिळते. त्याचा काळ परत मिळत नाही. आणि मग ते ताजा कलमाचे प्रकरण, ज्यात न्यायदानाची वतने रद्द झाल्याची नोंद आहे. स्कॉट त्या नोंदीत एक गोष्ट सांगत नाही. ही वतने रद्द झाली म्हणूनच तो शेरीफ आहे. बॅरनसारख्यांच्या हातून जे काढून घेतले, त्याचाच एक तुकडा वर्षाला ३०० पौंड देत त्याच्या घरी येतो आहे. कादंबरी निनावी छापण्याची कारणे त्याने मित्रांना निरनिराळी सांगितली. त्यांतले एक असे की, एडिंबरोच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाच्या कारकुनाला (हे दुसरे पद त्याला १८०६ मध्ये मिळाले होते) कादंबऱ्या लिहिणे शोभेल की नाही कोण जाणे. म्हणजे 'वेव्हर्ली'चा लेखक आणि सेल्कर्कचा शेरीफ हे एकच आहेत, हे १८२७ पर्यंत उघडपणे म्हणायचे नव्हते. जॉर्ज लुकाचने 'ऐतिहासिक कादंबरी' या ग्रंथात स्कॉटच्या मधल्या वाटेचे जे विवेचन केले, ते मी तीस वर्षे शिकवले. जुन्या व्यवस्थेवर माया, नव्या व्यवस्थेला मान्यता, आणि दोन्हींच्या मध्ये एक सामान्य नायक. लुकाच हे वर्गविश्लेषणाने समजावतो आणि त्यात चूक नाही. परंतु ज्या खुर्चीवर बसून हे लिहिले गेले त्या खुर्चीकडे त्याने, आणि त्याच्यामागून मीही, फारसे पाहिले नाही.

माझे आजोबा कृष्णाकाठच्या एका गावचे कुलकर्णी होते. मुंबई राज्याने परगणा आणि कुलकर्णी वतने नाहीशी करणारा कायदा १९५० मध्ये केला आणि १ मे १९५१ पासून वतन संपले. जमिनी सरकारजमा झाल्या, नजराणा भरून त्यांतल्या काही परत मिळाल्या. दप्तराचे रुमाल तेवढे घरात राहिले. त्याच वर्षी माझे वडील तलाठी म्हणून नोकरीला लागले. कुलकर्ण्याचे काम होतेच, ते आता पगारी झाले होते, बदलीचे झाले होते, आणि स्वतःच्या गावी करायचे नव्हते. कूळकायद्याची ती वर्षे. १ एप्रिल १९५७ नंतर तर, दुसऱ्यांच्या गावी, दुसऱ्यांच्या आजोबांच्या जमिनींवर, वडील कुळांची नावे लावत होते. त्यांचे अक्षर सुरेख होते आणि त्यांच्यावर कधी कोणी पैसे खाल्ल्याचा आळ घेतला नाही. संध्याकाळी मात्र ते आम्हांला आजोबांच्या गोष्टी सांगत. सनद, देशमुखांशी झालेला मानाचा तंटा, पोळ्याला पहिला बैल कोणाचा, असल्या गोष्टी. आवाज बदलत असे.

१९७८ साली मी महाविद्यालयात होतो आणि त्या वयात जे वाचतात ते वाचत होतो. एका सुटीत, जेवताना, मी त्यांना म्हणालो की, हे ढोंग आहे. दिवसा वतने बुडवायची आणि रात्री त्यांच्यासाठी गळा काढायचा. बाबा काही बोलले नाहीत. ताटातले संपवले, हात धुतले. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत सातबाराचे पुस्तक घालून सायकलवरून गेले. त्यानंतर आजोबांच्या गोष्टी माझ्यासमोर त्यांनी सांगितल्या नाहीत. धाकट्या बहिणीला सांगत, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. ते जाऊनही आता बराच काळ झाला.

'वतने' हा शब्द लिहिल्यावर पेन थांबले, त्याचे कारण हे. स्कॉटला वाचताना जी गोष्ट मी प्रतिभेचे लक्षण म्हणून विद्यार्थ्यांना उलगडून दाखवत होतो, त्याच गोष्टीला घरात मी ढोंग म्हटले होते. बाबांनी कादंबरी लिहिली नाही हे खरे. पण नव्या दप्तरात अचूक नोंद करणारा हात आणि जुन्या सनदेची आठवण सांगणारा आवाज एकाच माणसाचे असू शकतात, आणि त्यात फसवणूक कोणाचीच नसते, हे मला १९७८ मध्ये कोणी सांगितले असते तरी पटले नसते.

तरीही स्कॉटला या साम्याच्या आड लपवू नये. शेरीफपदाची दुसरी बाजूही त्याच्याच कागदांत आहे. १८१२ साली गालाशील्सच्या विणकरांची संघटना आपण कशी हुडकली आणि त्यांची कागदपत्रे कशी हस्तगत केली, हे त्याने कवी साउदीला पत्राने कळवले आहे. पायाखालची जमीन पोखरली जाते आहे, ही भीती त्या पत्रात आहे. टॉम पर्डीवर माया करणाऱ्या शेरीफला विणकरांत मात्र कट दिसला. जुन्या व्यवस्थेतल्या गुन्हेगाराला तो ओळखत होता. नव्या व्यवस्थेतल्या मजुराला ओळखत नव्हता. १८३१ च्या वसंतात मताधिकाराच्या सुधारणेवरून देश पेटला असताना जेडबरोच्या सभेत त्याची हुर्यो उडवली गेली, निवडणुकीच्या दिवशी त्याच्या गाडीवर दगड आले. सेल्कर्कला निवडणुकीची व्यवस्था पाहणे हे शेरीफ म्हणून त्याचे काम होते. पक्षाघाताचे झटके येऊन गेलेल्या, साठीला टेकलेल्या या माणसाने तिथे एका टोरी मतदाराला धक्काबुक्की करणाऱ्याला स्वतःच्या हातांनी धरले आणि निवडणूक संपेपर्यंत कोठडीत ठेवले. वंशाने आलेली सत्ता जाऊन नेमणुकीची आली, ती पायरी त्याला मान्य होती. त्याच्या खुर्चीचा पायाच तो होता. नेमणुकीच्या पुढे मताची पायरी होती, तिथे तो थांबला. १८२६ मध्ये सव्वा लाख पौंडांच्या घरातल्या कर्जाखाली तो बुडाला होता, न्यायालयातले कारकुनाचे पद १८३० मध्ये निवृत्तिवेतन घेऊन सोडले होते; शेरीफपद मात्र २१ सप्टेंबर १८३२ ला मृत्यू येईपर्यंत त्याच्याकडेच होते. सुधारणेचा कायदा त्याच वर्षी झाला.

त्यानंतरचा इतिहास प्रशासनाचा आहे आणि थोडक्यात सांगता येतो. एकोणिसाव्या शतकात सेल्कर्कचे शेरीफक्षेत्र शेजारच्या रॉक्सबर्ग आणि बेरिकशी जोडले गेले. १९७१ च्या कायद्याने बदल्याचा, म्हणजे 'सब्स्टिट्यूट'चा, 'शेरीफ' झाला आणि त्याच्या वरचा 'शेरीफ प्रिन्सिपल'. मुतालिकाच्या मुतालिकाला दोनशेहून अधिक वर्षांनी धन्याचे नाव मिळाले. १९७५ पासून सारा देश सहा शेरीफक्षेत्रांत वाटलेला आहे आणि सेल्कर्क 'लोदियन आणि बॉर्डर्स'मध्ये मोडते. २०१५ च्या सुरुवातीस पीबल्स आणि डन्सची लहान न्यायालये बंद झाली, पीबल्सचे काम सेल्कर्ककडे आले. स्कॉट जिथे बसत असे ती बाजारचौकातली जुनी कचेरी आता संग्रहालय आहे. तिच्यासमोर १८३९ साली उभारलेला त्याचा पुतळा आहे, हँडिसाइड रिची या शिल्पकाराचा. जगात स्कॉटचे पुतळे पुष्कळ आहेत, पण इथे तो शेरीफच्या झग्यात आहे.

भाषांतर पुढे सरकले आहे. 'शेरीफ' मी तसाच ठेवला; 'नगरपाल' हास्यास्पद झाले असते आणि 'न्यायाधीश' अपुरे. 'डेप्युट'ला मुतालिक केले, त्यावर संपादक तळटीप मागतील. बहिणीला फोन करून विचारले की, पोळ्याच्या मानाच्या बैलाची ती गोष्ट नेमकी काय होती. तिला शेवट आठवत नाही. रुमाल तिच्याकडेच आहेत, माळ्यावर. दिवाळीत गेलो की काढून पाहू म्हणाली.